आठवीनंतरची वाट : मुलींचे शिक्षणधोरण आणि नाशिक जिल्हा

(द्वारका, नाशिक येथील स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)

महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणासाठी धोरणे नाहीत, असे कोणालाही म्हणता येणार नाही. बारावीपर्यंत शिक्षणशुल्काची माफी, ग्रामीण भागातून एसटीने शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने असलेला मोफत प्रवास, सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती, मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बस आणि सायकली, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा व वसतिगृहे, 2023 पासूनची ‘लेक लाडकी’ योजना आणि 2024 पासूनची व्यावसायिक शिक्षणातील संपूर्ण शुल्कमाफी, ही यादी चार दशकांत वाढतच गेली आहे आणि तिच्यातील एकेका निर्णयामागचा हेतू प्रामाणिक होता हेही मान्य करायला हवे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले, आणि 15 ते 49 वयोगटात दहा किंवा त्याहून अधिक वर्षे शाळा शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण 50.4 टक्के, म्हणजे निम्म्याच्या जेमतेम वर, भरले.

धोरण आणि अंमलबजावणी यांत अंतर असते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्यातून आता काहीच हाती लागत नाही. हे अंतर नेमके कोठे पडते, कोणत्या इयत्तेत, वर्षाच्या कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कागदावर, हे पाहिले तरच त्याविषयी काही बोलता येते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, मुलींविषयीचे राज्याचे धोरण गेल्या तीन दशकांत हळूहळू सोयीकडून लाभाकडे सरकले. सोय म्हणजे शाळा, शिक्षिका, बस, वसतिगृह यांसारखी शासनाने उभारून रोज चालवायची गोष्ट. ती नसेल तर उत्तर शासनाला द्यावे लागते. लाभ म्हणजे आपली पात्रता सिद्ध करणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा होणारी रक्कम. ती मिळाली नाही तर दोष बहुधा अर्जातल्या त्रुटीवर, म्हणजे पर्यायाने त्या मुलीच्या घरावर, टाकला जातो. लाभ निरुपयोगी असतो असे नाही, परंतु मुलींचे शिक्षण ज्या जागी तुटते त्या जागा सोयीच्या अभावाच्या आहेत, आणि तेथे रक्कम उशिरा, अपुरी किंवा भलत्याच वेळी पोहोचते.

या प्रतिपादनाची कसोटी लावण्यासाठी नाशिक जिल्हा फार सोयीचा आहे. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांहून थोडी अधिक, साक्षरता 82.31 टक्के आणि स्त्रियांची साक्षरता 76.08 टक्के होती. राज्याचे आकडे अनुक्रमे 82.34 आणि 75.87 होते. म्हणजे सरासरीच्या भाषेत हा जिल्हा महाराष्ट्राची जवळजवळ प्रतिकृतीच ठरतो. पण ही सरासरी दोन अगदी भिन्न प्रदेशांची मिळून झाली आहे. पूर्वेला आणि मध्यभागी निफाड, सिन्नर, येवला यांचा बागायती व बाजारपेठेचा पट्टा, 1914 मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे आणि नाशिक शहरातील गोखले एज्युकेशन सोसायटीसारख्या जुन्या संस्था आहेत. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि दिंडोरी-कळवणचा डोंगराळ भाग येतो, जेथे कोकणा, महादेव कोळी, वारली आणि कातकरी वस्त्या पसरलेल्या आहेत. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे, त्यामुळे धोरण राबवणारे कार्यालय आणि ते ज्यांच्यासाठी राबवायचे त्या वस्त्या यांच्यात फार तर 80-90 किलोमीटरचे अंतर राहते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडून येणारा रस्ता जेथे मिळतात तो द्वारका चौकही या विषयाला अगदी परका नाही. महामार्गाच्या कामाबरोबर येथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला आणि तो वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला. काठे गल्ली, वडाळा नाका, जुने नाशिक या भागांतली शाळकरी मुले वाहनांतून वाट काढत वरूनच रस्ता ओलांडत राहिली. काम पूर्ण झाल्याची नोंद कागदावर अगदी खरी होती, फक्त ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्या चालण्याची रीत कोणी पाहिली नव्हती. मुलींच्या शिक्षणाच्या पुष्कळ योजनांची गत याहून वेगळी नाही.

या प्रश्नाला नाशिकमध्ये जुना इतिहास आहे. 1878च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही येथे न्यायाधीश होते, आणि या दोघांच्या पुढाकाराने मुलींच्या शाळेकडे गावातील स्त्रियांचे लक्ष वळवण्याचे प्रयत्न झाले. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नाशिकच्या मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभाचे वर्णन केले आहे. तेथे त्यांनी जाहीर भाषण केले, तेही रानड्यांनी लिहून दिलेले. त्या काळातील सुधारकांना एक गोष्ट नीट कळली होती, ती अशी की मुलगी शाळेत येण्यासाठी आधी घरातल्या बायकांना शाळा आपली वाटली पाहिजे. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी मुलींसाठी शिक्षिका आणि तपासणीसाठी स्त्री अधिकारी यांची मागणी केली, आणि जोतीराव फुले यांनी त्याच आयोगाला दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या घामातून जमलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते, हे स्पष्टपणे मांडले. या दोन्ही मुद्द्यांचे आज काय झाले, हे पाहणे बोधप्रद ठरते.

शिक्षिकांचा मुद्दा आधी घेऊ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आज स्त्री शिक्षकांची संख्या मोठी आहे, पण ती जिल्हाभर सारखी पसरलेली नाही. 2017 पासून शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या आणि त्यासाठी शाळांची विभागणी ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ क्षेत्रांत करण्यात आली. त्याबरोबरच काही गावे महिला शिक्षकांसाठी ‘प्रतिकूल’ म्हणून वेगळी नोंदवण्याची तरतूद झाली. शिक्षिकेच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद न्याय्यच आहे, कारण रस्ता, निवास आणि सुरक्षितता यांपैकी काहीच नसलेल्या पाड्यावर तिला एकटीने राहायला लावणे अमानुष ठरेल. परंतु प्रशासनाने एखादे गाव नोकरी करणाऱ्या प्रौढ स्त्रीसाठी प्रतिकूल ठरवले, की त्याच गावातून रोज शाळेत ये-जा करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीचे काय, हा प्रश्न त्या यादीच्या शेजारीच उभा राहतो. त्याला उत्तर देणारा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो. ज्या गावांत शिक्षिकेची गरज सर्वांत जास्त, ती गावे यादीतून तिच्यासाठी बाद होतात, आणि मग मुलगी वयात आल्यावर तिची अडचण ऐकून घेणारे शाळेत कोणी उरत नाही.

आता शिक्षण तुटते त्या जागांकडे वळायचे. ‘गळती’ हा शब्द शिक्षणखात्यात शाळा मध्येच सोडणाऱ्यांच्या प्रमाणासाठी वापरला जातो, आणि त्यामुळे मुले थेंबाथेंबाने, सगळीकडून सारखीच निसटतात असा समज होतो. प्रत्यक्षात मुली एका इयत्तेतून दुसरीत जाताना, तेही जेथे शाळा बदलावी लागते तेथेच, मोठ्या संख्येने थांबतात. महाराष्ट्राची जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. 2009च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी रचना गृहीत धरली, आणि राज्याच्या नियमांनी पहिल्या टप्प्यासाठी एक किलोमीटरच्या व दुसऱ्यासाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले. यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांना पाचवीचा आणि आठवीचा वर्ग जोडायला हवा होता. हे काम अर्धवट राहिले, आणि त्याचे कारण शिक्षणाच्या तत्त्वज्ञानात नसून ‘संचमान्यते’त आहे. संचमान्यता म्हणजे पटसंख्येनुसार शाळेला किती शिक्षकपदे मंजूर होतात याचा वार्षिक हिशेब. पाचवी आणि आठवी प्राथमिक शाळेला जोडली की खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचे वर्ग कमी होतात, वर्ग कमी झाले की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात, आणि अतिरिक्त शिक्षकाचे समायोजन हा जिल्ह्यातील सर्वांत तापलेला विषय असतो. या ओढाताणीत दोन्ही बाजूंच्या नोकऱ्यांविषयी बोलणारे पुष्कळ असतात, पण पाड्यावरच आठवीपर्यंत शिकू शकली असती अशा मुलीची बाजू घेणारी संघटना नाही.

आणि आठवीनंतर तर कायदाच थांबतो. सहा ते चौदा या वयोमर्यादेमुळे नववीची शाळा जवळ असण्याचे कायदेशीर बंधन कोणावरच नाही. नाशिक शहरातही महापालिकेच्या शाळा बहुतांशी प्राथमिक आहेत, त्यामुळे द्वारका परिसरातील गरीब वस्तीतल्या मुलीलाही आठवीनंतर दुसरी, बहुधा खासगी व्यवस्थापनाची, शाळा शोधावी लागते. उर्दू माध्यमातल्या मुलीसमोर पर्याय आणखी थोडे असतात, आणि शाळा फार दूर नसली तरी ‘मोहल्ल्याबाहेर’ असणे एवढेच कारण तिला घरी बसवायला पुरते. सुरगाण्यात किंवा पेठमध्ये हीच गोष्ट किलोमीटरमध्ये मोजावी लागते. शिक्षणाच्या या नेमक्या उंबरठ्यावर नेम धरून केंद्र सरकारने 2008 मध्ये एक योजना आणली होती. आठवी उत्तीर्ण होऊन नववीत प्रवेश घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींच्या नावे 3,000 रुपयांची ठेव ठेवायची आणि ती मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन अठरा वर्षांची झाल्यावर तिला व्याजासह द्यायची. नेम बरोबर होता, साधन मात्र चुकीचे होते, कारण नववीत जाणाऱ्या मुलीला त्या जूनमध्ये बस किंवा वसतिगृहातली जागा हवी असते आणि ठेव चार वर्षांनी हाती येते. पुढे ती योजनाही बंद पडली.

पटसंख्येच्या हिशेबाने जवळच्या शाळेवरही गदा येते. 2017च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून त्यांतील मुलांना शेजारच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याची कल्पना पुढे आली. आणि मार्च 2024च्या संचमान्यतेच्या निकषांवर शिक्षक संघटनांनी असा आक्षेप घेतला की कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना त्यामुळे शिक्षकच उरत नाहीत. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी या धरणग्रस्त वस्तीतील मुलांनी शाळा बंद होण्याविरुद्ध अलीकडच्या वर्षांत नाशिकच्या जिल्हा परिषदेवर शेळ्या घेऊन मोर्चा आणला होता. शाळा देत नसाल तर दप्तरे परत घ्या आणि वळायला शेळ्या द्या, असे त्या मुलांचे म्हणणे होते. समूह शाळेच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते पोकळ नाहीत, कारण एका शिक्षकाने चार इयत्ता एकाच खोलीत शिकवण्यापेक्षा प्रत्येक विषयाचा शिक्षक, प्रयोगशाळा आणि मैदान असलेली मोठी शाळा चांगलीच. पण त्या चांगल्या शाळेपर्यंतचा ओढा, घाट आणि निर्मनुष्य वाट ओलांडायची कोणी, याचा विचार करताना घर मुलाला एक न्याय लावते आणि मुलीला दुसरा. शाळा दूर गेली की मुलगा उशिरा पोहोचतो, आणि मुलगी जायचीच थांबते.

वाहतुकीची योजना कागदावर याच प्रश्नाचे उत्तर आहे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, आणि राज्यातील 125 मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास मुलींसाठी सोडल्या जातात. ही महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाची सर्वांत यशस्वी योजना म्हणावी लागेल, आणि तिच्या यशाचे कारण असे की ती लाभ म्हणून दिलेली नसून सोय म्हणून चालवलेली आहे; बस आली की ती सगळ्या मुलींसाठी येते, तेथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. तिच्या मर्यादाही म्हणूनच उघड आहेत. पास विनामूल्य असतो पण बस वेळेवर नसते. शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी चारला निघून गेलेली असते. पावसाळ्यात रस्ता खचला की फेरी बंद होते आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी आगारप्रमुखाकडे पाठपुरावा करणारे गावात कोणी नसते. ऑक्टोबर 2021 पासून सुमारे सहा महिने चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात हे फार कठोरपणे दिसले, कारण करोनाच्या दीड वर्षाच्या खंडानंतर शाळा नुकत्याच उघडत होत्या आणि नेमक्या त्याच वेळी खेड्यातल्या मुलींची बस थांबली. या विस्कळीतपणाचे मूळ असे की वेळापत्रक परिवहन महामंडळाचे आगार ठरवते, शाळेची वेळ शिक्षणखाते ठरवते, बसचा निधी नियोजन विभागाकडून येतो, आणि या तिघांना एकत्र बसवणारी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर नाही. मुख्याध्यापकाने पत्र लिहायचे आणि आगाराने ते फायलीला लावायचे, एवढाच समन्वय बहुतेक ठिकाणी असतो.

वर्षाचा कोणता महिना, या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या द्राक्षबागांत सापडते. सुरगाणा, पेठ आणि शेजारच्या गुजरातमधील डांग भागातून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली, की डोंगरातली घरे रिकामी होऊ लागतात. मग विरळणी, घडांची निगा आणि शेवटी खुडा-पॅकिंगपर्यंत कामे चालू राहतात. लहान मुले आईबापांबरोबर येतात, आणि त्यांना सांभाळण्यासाठी थोरली बहीण यावीच लागते, मग ती सहावीत असो की नववीत. बारा-तेरा वर्षांची झाली की ती स्वतःही मजुरीला धरली जाते. शासनाने अशा मुलांसाठी ‘शिक्षण हमी पत्रक’ काढले आहे, म्हणजे मूल ज्या गावी जाईल तेथील शाळेने ते पाहून त्याला वयानुरूप वर्गात बसवून घ्यायचे. स्थलांतर न करता गावीच राहणाऱ्या मुलांसाठी काही जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहेही चालवली जातात. पण शाळांची आकडेवारी एकत्र करणाऱ्या ‘यू-डायस’ या राष्ट्रीय नोंदणीसाठी आणि संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो 30 सप्टेंबरचा. त्या दिवशी सगळ्या मुली वर्गात असतात. नोव्हेंबरमध्ये बाकांवरून कोण उठून गेले हे शिक्षकाला ठाऊक असते, मात्र ते नोंदवल्यास पट घटतो, पट घटला की पद जाते, आणि म्हणून नाव हजेरीपटावर राहू देण्यातच सर्वांचे हित असते. शिक्षकांना यासाठी बोल लावणे सोपे आहे. दोष त्या मोजणीचा आहे, जी शिक्षकाला खरे लिहिल्याबद्दल शिक्षा करते.

रकमांच्या योजनांविषयी आता थोडक्यात. ‘थेट लाभ हस्तांतरण’ म्हणजे वस्तू न देता रक्कम लाभार्थीच्या बँक खात्यात जमा करणे. मधल्यामध्ये होणारी पैशांची गळती थांबावी हा त्यामागचा विचार होता. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीत पाचवी ते सातवीच्या मुलीला महिन्याला 60 रुपये आणि आठवी ते दहावीच्या मुलीला 100 रुपये, दहा महिन्यांसाठी, अशी रक्कम वर्षानुवर्षे ठरलेली होती. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या प्राथमिक शाळेतील मुलींसाठी 1992 मध्ये सुरू झालेला उपस्थिती भत्ता दिवसाला एक रुपया होता आणि तो दीर्घकाळ एक रुपयाच राहिला. वर्षाचे 600 रुपये मिळवण्यासाठी जातीचा दाखला, आधारजोडणी आणि चालू बँक खाते लागते. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात आणि खात्यासाठी बँकेत जायचे तर बापाची किंवा आईची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, आणि खात्यावर व्यवहार झालेला नाही म्हणून ते पुन्हा निष्क्रिय झालेले असते. ज्या घराला या रकमेची खरी गरज आहे त्याच घराला ती मिळवणे सर्वांत महाग पडते.

लाभ आणि सोय यांतील फरक सर्वांत स्पष्टपणे नाशिकच्याच संदर्भात पुढे आला. एप्रिल 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहातील भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात जेवणाची रक्कम जमा करण्याचे ठरवले, आणि जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी-विद्यार्थिनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास भवनाकडे पायी निघाले. हा मोर्चा पोलिसांनी सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे अडवला. प्रशासनाच्या दृष्टीने निकृष्ट जेवणाच्या तक्रारींवर आणि ठेकेदारीवर हा उपाय होता. विद्यार्थिनींच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होता की भोजनगृह बंद झाल्यावर रात्री जेवणासाठी बाहेर पडायचे किंवा अभ्यास सोडून खोलीवर स्वयंपाक करायचा, आणि रक्कम उशिरा आली तर उपाशी राहायचे. शिवाय खात्यात पैसे आलेले कळले की अडचणीतले घर ते मागणार, आणि मुलीला नाही म्हणता येणार नाही. ठेकेदार वाईट असेल तर ठेकेदार बदलावा, चूल विझवू नये, एवढे साधे म्हणणे मांडण्यासाठी शेकडो मुलांना महामार्गावर चालावे लागले.

वसतिगृह हीच मुलींच्या शिक्षणातली निर्णायक सोय आहे. 1937 मध्ये स्थापन झालेल्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी या भागात निवासी शाळा चालवल्या तेव्हापासून आश्रमशाळेने डोंगरातल्या मुलींच्या कित्येक पिढ्यांना दहावीपर्यंत नेले आहे. पण घर मुलीला तेथे पाठवते ते विश्वासावर, आणि 2016 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील आश्रमशाळेतले अत्याचार उघडकीस आल्यावर तो विश्वास राज्यभर हादरला. स्त्री अधीक्षिका कायमस्वरूपी नेमलेली असणे, ती रात्री मुक्कामी असणे आणि मुलींना तिच्याशी बोलता येणे यावर सारे अवलंबून असते. अशा वेळी आश्रमशाळांतील पदे बाह्यस्रोतांकडून, म्हणजे खासगी कंपनीमार्फत, भरण्याचे धोरण आले आणि त्याविरुद्ध रोजंदारी कर्मचाऱ्यांनी 2025 मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर दीर्घकाळ बिऱ्हाड आंदोलन केले. तो लढा नोकरीचा होता हे खरे, पण दर वर्षी बदलणाऱ्या कंत्राटी माणसांच्या हाती मुलींचे वसतिगृह सोपवायचे काय, हा त्यामागचा प्रश्न पालकांचाही आहे. समित्यांनी ही उणीव भरून निघत नाही. मार्च 2022 मध्ये प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती स्थापण्याचा शासननिर्णय निघाला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाल्यावर पुष्कळ शाळांत ती अस्तित्वातच नसल्याचे समोर आले. शिक्षण अधिकार कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले आहे, पण मजुरीला गेलेल्या आईची सही पुढच्या आठवड्यात घरी जाऊन घेतली जाते, आणि सभा झाली असे मानले जाते.

शिडीच्या वरच्या टोकाला मात्र धोरण उदार झाले आहे. जुलै 2024च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या 50 टक्क्यांऐवजी 100 टक्के सवलत मिळू लागली, आणि त्यासाठी वर्षाला सुमारे 906 कोटी रुपयांचा वाढीव भार शासनाने स्वीकारला. येवल्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा सातपूरमधल्या कामगाराच्या मुलीसाठी हा निर्णय आयुष्य बदलणारा ठरू शकतो, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या सवलतीतील बहुतेक अभ्यासक्रमांपर्यंत पोहोचण्यासाठी मुलगी आधी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि डोंगरी तालुक्यांत विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय हीच दुर्मीळ गोष्ट आहे. त्यात 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्याने गावातल्याच महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीलाही आता फेऱ्यांची वाट पाहावी लागते, आणि जूनमध्ये रिकामी बसलेली मुलगी घराच्या नजरेत ‘शिकून झालेली’ ठरते. फुल्यांनी 1882 मध्ये दाखवलेला वरच्या आणि खालच्या खर्चातला असमतोल आज जातीच्या चौकटीत जसाच्या तसा उरलेला नाही, पण शिडीच्या वरच्या पायऱ्या रुंद आणि मधल्या मोडक्या, ही तिची ठेवण कायम आहे.

‘लेक लाडकी’ योजनेची रचनाही याच दृष्टीने पाहावी. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलीला जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 असे एकूण 1 लाख 1 हजार रुपये मिळायचे आहेत. सहावी आणि अकरावी यांच्यामधली पाच वर्षे, जेथे शाळा सुटते आणि लग्ने ठरतात, या वेळापत्रकात रिकामी आहेत. आणि तीन चतुर्थांश रक्कम येते ती कायद्याने लग्नाला मुभा मिळण्याच्या वयाला, तेव्हा ती महाविद्यालयाच्या खर्चासाठी वापरली जाईल की मांडवासाठी, हे त्या वेळी घरात तिचा शब्द कितपत चालतो यावर ठरेल. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे. ज्या गावात त्याला घरपट्टी वसूल करायची आहे, त्याच गावातल्या वऱ्हाडासमोर त्याने उभे राहायचे, अशी ती नेमणूक आहे.

मार्ग कोणता, या प्रश्नाला नवी योजना हे उत्तर नाही. जिल्ह्याने आहे त्या यंत्रणेत एक मोजणी बदलून पाहण्यासारखी आहे. केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे दहा-पंधरा शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रत्येक केंद्रातून एप्रिलमध्ये आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलींची नावानिशी यादी घ्यावी, त्यांपैकी किती जणी जुलैअखेर कोठे तरी नववीत बसल्या आहेत हे पाहावे, आणि तीच पाहणी जानेवारीत, द्राक्षहंगाम भरात असताना, पुन्हा करावी. जानेवारीत कमी झालेल्या नावांमुळे त्या वर्षी कोणत्याही शाळेचे पद कमी होणार नाही, अशी लेखी हमी मात्र आधी दिली पाहिजे, नाहीतर यादीही 30 सप्टेंबरच्या पटासारखीच सजवलेली येईल. अशी यादी हाती आली की बसची कोणती फेरी अर्ध्या तासाने पुढे न्यायची, कोणत्या आश्रमशाळेला अकरावी-बारावी विज्ञान जोडायचे आणि दिंडोरीच्या कोणत्या बागांजवळच्या शाळेत हंगामात जादा शिक्षक द्यायचा, हे प्रश्न शिक्षणाधिकाऱ्याला एकट्याने सुटणारे नाहीत हे लगेच दिसेल, कारण त्यांतला एकही निर्णय त्याच्या सहीने होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आगार, आदिवासी प्रकल्प कार्यालये आणि जिल्हा परिषद यांना शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात, एकत्र बसवावे लागेल.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नववी ते बारावी हा एक सलग टप्पा मानला आहे, कस्तुरबा गांधी विद्यालये बारावीपर्यंत वाढवण्याचे म्हटले आहे आणि मुलींसाठी लिंगसमावेशक निधीची कल्पना मांडली आहे. नववीपासून बारावीपर्यंत शाळा बदलावी लागू नये हे सूत्र या व्याख्यानात मांडलेल्या निरीक्षणाशी जुळणारेच आहे. पण त्याच धोरणातील शाळा-संकुलांचा विचार पटसंख्येच्या जुन्या हिशेबाने राबवला गेला, तर मुलीसाठी नववीची शाळा आणखी दूर जाईल. आणि चौदा वर्षांची कायदेशीर मर्यादा अठरापर्यंत नेण्याची शिफारस जोवर कायद्यात उतरत नाही, तोवर नववीचा वर्ग जवळ नाही म्हणून सुरगाण्यातल्या पालकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही.